विश्वाची उत्पत्ती आणि चैतन्याची साक्ष

सन १८७२ च्या ऑगस्ट महिन्यात लाइप्झिग येथे भरलेल्या जर्मन शास्त्रज्ञांच्या व वैद्यांच्या परिषदेपुढे एमिल द्यू ब्वा-रेमाँ या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने जे व्याख्यान दिले, त्याने युरोपातील विद्वज्जनांत पुढे कित्येक वर्षे पुरेल इतका क्षोभ उत्पन्न केला. तो होणे स्वाभाविकच होते; कारण बोलणारा गृहस्थ कोणी धर्मोपदेशक नसून, ज्ञानतंतूंतून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाचे मापन करण्यात ज्याने आपली सारी उमेद खर्ची घातली होती असा कट्टर प्रयोगवादी होता, आणि तोच विज्ञानाच्या भर दरबारात उभा राहून विज्ञानाच्या मुलखाची हद्द आखून देत होता. त्याचे म्हणणे असे की, विश्वातील प्रत्येक अणूचे स्थान व वेग जाणणारी आणि त्यावरून भूत-भविष्याचे बिनचूक गणित मांडणारी, लाप्लासने कल्पिलेली ती सर्वज्ञ बुद्धी जरी आपणांस लाभली, तरी दोन गोष्टी तिलाही उलगडणार नाहीत: एक, जडद्रव्य व शक्ती यांचे अंतिम स्वरूप, आणि दुसरी, मेंदूतील अणूंच्या अमुक एका हालचालीबरोबर कोणाला तरी ठणका, गोडी किंवा तांबडेपणा यांचा अनुभव मुळात का यावा ही. या दोहोंविषयी आज आपण अज्ञ आहोत एवढेच म्हणून तो थांबला नाही, तर पुढेही अज्ञच राहू अशी कायमची नोंद त्याने मानवी ज्ञानाच्या दप्तरी करून ठेवली.

आठ वर्षांनी बर्लिनच्या अकादमीपुढे बोलताना त्याने ही कोडी सातावर नेली. गतीचा मूळ आरंभ, जीवाची उत्पत्ती, साधी संवेदना, इच्छास्वातंत्र्य अशी ती यादी आहे. परंतु विश्वाला मोजता येण्याजोगे काही वय असेल, ही शंका तीत कोठेही डोकावत नाही. पुढे १८९९ मध्ये येना येथील प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल याने विश्वाच्या कोड्यांवरील आपल्या ग्रंथात, द्रव्य एकच असून सर्व चैतन्य त्याच्याच विकासाचा परिपाक होय असे प्रतिपादून ही कोडी सुटल्याचे जाहीर केले. याच हेकेलची दखल लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिताना घेतली; त्याच्या उत्क्रांतिक्रमाची सांख्यांच्या गुणपरिणामाशी सांगड घालून, जेथे दोघांची वाट फुटते ती जागाही त्यांनी नेमकी दाखवली. सांख्यांच्या मते प्रकृती सगळे काही निपजवते, पण ती निपज पाहणारा पुरुष तिच्या पोटी जन्मत नाही. हेकेलला तो निराळा पुरुष नको होता. गीतारहस्य १९१५ च्या जूनमध्ये पुण्यास प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आइन्स्टाइनने बर्लिन येथे गुरुत्वाकर्षणाची नवी समीकरणे मांडली. 'विश्वाची उभारणी व संहारणी' हे टिळकांचे प्रकरण छापले जात असताना विश्वाच्या उभारणीचा इतिहास गणिताने लिहिण्याचे साधन युरोपात जवळजवळ तयार झाले होते, आणि याची वार्ता त्या वेळी कोणासही नव्हती.

तेव्हापासूनच्या शतकभरात या दोन प्रश्नांची गती फार विषम झाली आहे. विश्वोत्पत्तीचा प्रश्न, जो तेव्हा तत्त्वचिंतकांच्या आणि पुराणिकांच्या मुखत्यारीत होता, तो वेधशाळांच्या ताब्यात गेला; उलट चैतन्याचा प्रश्न द्यू ब्वा-रेमाँने जेथे सोडला त्याच्या फारसा पुढे सरकलेला नाही. या विषमतेमुळेच की काय, दोन्ही प्रश्नांची एकदाच वासलात लावण्याचा एक मोह आपल्या काळात बळावला आहे: चैतन्यानेच विश्व निर्माण केले, निरीक्षकावाचून अणूलाही स्थान नाही, आणि हेच तर आमच्या ऋषींनी सांगून ठेवले होते, असे म्हणणाऱ्यांची व्याख्याने तुडुंब भरतात. माझ्या मते या मोहाच्या मुळाशी एक जुनाच तर्कदोष आहे, आणि तो ओळखण्याचे साधनही आपल्याच नैयायिकांनी आपल्या हाती दिलेले आहे. कारक हेतू निराळा आणि ज्ञापक हेतू निराळा. धूर अग्नीला कळवतो, उत्पन्न करीत नाही. अग्नी धुराला उत्पन्न करतो, म्हणून धुरावाचून अग्नी कळतच नाही असेही नाही. चैतन्य हे विश्वाचे ज्ञापक आहे, किंबहुना एकमेव ज्ञापक आहे, हे निर्विवाद. परंतु तेवढ्यावरून ते विश्वाचे कारक ठरत नाही. त्याचप्रमाणे मेंदू हा चैतन्याच्या प्रकटनाचा कारक असल्याचे हजार दाखले मिळाले, तरी तेवढ्याने चैतन्य हे इतर ज्ञेय वस्तूंच्या रांगेतील एक ज्ञेय वस्तू होऊन बसत नाही. अध्यात्मवादी पहिली चूक करतो, जडवादी दुसरी.

विश्वाच्या आरंभाची हकीकत आधी पाहू. १९२२ मध्ये पेट्रोग्राड येथील अलेक्सांद्र फ्रीडमान याने आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्व निघू शकते हे दाखवले. तीन वर्षांनी तो तरुण वयातच वारला. १९२७ मध्ये बेल्जियमचा जॉर्ज लमेत्र हा पाद्री आणि गणिती, फ्रीडमानचे काम ठाऊक नसता, त्याच निष्कर्षास आला आणि त्याने तो दूरच्या तारकाविश्वांच्या दूर पळण्याशी जोडला. आइन्स्टाइनने त्याचे गणित मान्य केले पण त्यातील भौतिकशास्त्राविषयी तिटकारा दाखवला. १९२९ मध्ये एडविन हबलने, तारकाविश्व जितके दूर तितका त्याचा वेग अधिक, हा नियम निरीक्षणांनिशी मांडला. १९३१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात लमेत्रने एक छोटेसे पत्र लिहून सूचना केली की, काळाच्या मागे मागे जात राहिल्यास सर्व विश्व एका आद्य अणूत सामावलेले असले पाहिजे, आणि स्थळ व काळ या कल्पनांना त्या अणूच्या विभाजनानंतरच अर्थ प्राप्त होत असला पाहिजे. पत्रात देवाचे नाव नाही. लिहिणारा मात्र रोज सकाळी मिस्सा अर्पण करणारा मनुष्य होता.

आणि येथेच या सर्व इतिहासातील, माझ्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक प्रसंग घडतो. १९५१ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी आपल्या विज्ञान अकादमीपुढे भाषण करताना, आधुनिक विज्ञानाने सृष्टीच्या आद्य क्षणाची, त्या दैवी आज्ञेची, जणू साक्षच काढली आहे असा अभिप्राय प्रकट केला. एखाद्या सामान्य पाद्र्यास आपली उपपत्ती धर्मपीठाने अशी शिरोधार्य मानली याहून अधिक काय हवे होते? पण लमेत्र अस्वस्थ झाला. त्याच्या मते आद्य अणूची कल्पना ही भौतिकशास्त्रातील एक तजवीज होती. उद्या ती निरीक्षणांनी खोटी ठरू शकेल, आणि जी गोष्ट उद्या खोटी ठरू शकते तिच्यावर श्रद्धेची इमारत उभारणे हा श्रद्धेचा आणि विज्ञानाचा, दोहोंचाही, अवमान होता. व्हॅटिकनच्या वेधशाळेच्या संचालकांमार्फत त्याने आपले म्हणणे वर पोचवले, आणि पुढच्या वर्षी रोम येथे खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सभेपुढे पोपमहाशय बोलले तेव्हा तो मजकूर गाळलेला होता. आपल्या बाजूने पडणारा कौल नाकारण्याइतकी निःस्पृहता विद्वानांत क्वचितच आढळते.

विरुद्ध बाजूस केंब्रिजचा फ्रेड हॉइल होता. विश्वाला आरंभ आहे या कल्पनेला त्याला बायबलचा वास येई. म्हणून १९४८ मध्ये त्याने, आणि स्वतंत्रपणे हर्मान बाँडी व थॉमस गोल्ड यांनी, विश्व अनादी असून प्रसरणामुळे पडणारी पोकळी अत्यल्प प्रमाणात सतत निर्माण होणाऱ्या द्रव्याने भरून निघते, ही स्थिर-स्थितीची उपपत्ती मांडली. दुसऱ्या पक्षाचे वर्णन करताना १९४९ मध्ये नभोवाणीवर त्याने वापरलेला 'बिग बँग' हा शब्दच पुढे त्या पक्षाचे नाव होऊन बसला. १९६५ मध्ये न्यू जर्सीतील होम्डेल येथील अर्नो पेंझियस व रॉबर्ट विल्सन यांनी आपल्या अँटेनात सर्व दिशांनी सारख्याच प्रमाणात येणारी सूक्ष्मतरंगांची खरखर प्रसिद्ध केली. तिचे तापमान निरपेक्ष शून्याच्या सुमारे तीन अंश वर निघाले, आणि तप्त आरंभाची ती निवत आलेली धग आहे हे बहुतेकांनी मान्य केले. लमेत्रला ही वार्ता १९६६ मध्ये मृत्यूपूर्वी थोडेच दिवस आधी कळली. हॉइल शेवटपर्यंत नमला नाही; आणि त्याचा शिष्य, कोल्हापुरात जन्मलेले व पुण्याच्या 'आयुका'चे पहिले संचालक झालेले जयंत नारळीकर, यांनीही हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये अर्ध-स्थिर स्थितीची नवी मांडणी करून प्रस्थापित मताशी तंटा चालू ठेवला. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात निवर्तले, तोपर्यंत बहुमत त्यांच्याकडे कधी फिरले नाही. पण सृष्टीला एकदाच झालेला आरंभ हे गृहीत धरण्याची सक्ती नाही, त्यासाठी पुरावा मागण्याचा हक्क कोणालाही आहे, हा त्यांचा बाणा मला अनेक विजयी पक्षांहून अधिक शास्त्रशुद्ध वाटतो.

तरीही एक गोष्ट स्पष्ट आहे: येथे हरता येते. अँटेनातली एक खरखर एका तेजस्वी उपपत्तीचा निकाल लावू शकते. आणि तरीही सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतितप्त व अतिघन होते, एवढेच हे सारे शास्त्र पुराव्यानिशी सांगते; त्या क्षणाच्या पलीकडे 'काहीच नव्हते' असे ते सांगत नाही. गणितात घनता अनंत होते तो बिंदू समीकरणांची वहिवाट संपल्याची खूण आहे, सृष्टीच्या जन्मपत्रिकेतील लग्नघटिका नव्हे. १९८२ मध्ये अलेक्झांडर व्हिलेन्किन याने विश्व 'शून्यातून' पुंजभौतिकीच्या नियमांनुसार प्रकट होऊ शकते असे दाखवले, पुढच्याच वर्षी जेम्स हार्टल व स्टीफन हॉकिंग यांनी ज्याला सीमाच नाही असा काळाचा आरंभ कल्पिला. गणित म्हणून ही दोन्ही कामे अतिशय देखणी आहेत. पण ज्या शून्याला पुंजभौतिकीचे नियम लागू आहेत ते शून्य नैयायिकांच्या अत्यंताभावाच्या, म्हणजे त्रिकाळ नसण्याच्या, कसोटीस उतरणार नाही. फार तर तो प्रागभाव, म्हणजे उत्पत्तीपूर्वीचा अभाव, म्हणता येईल, आणि प्रागभाव हा नेहमी कशाचा तरी असतो. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात शून्यवाद्याला जो पेच घातला आहे तो येथे आठवतो: सर्वच शून्य आहे असा निर्वाळा द्यायचा, तर तो देणारा कोणीतरी शून्याबाहेर उरला पाहिजे. व्हिलेन्किनला हा पेच फारसा बाधत नाही, कारण तो कारक शून्याविषयी बोलतो आणि ज्ञानेश्वर ज्ञापकाविषयी. दोघांना एकाच सभेत बसवून एकाच्या मुखी दुसऱ्याचे उत्तर घालणे हे मात्र दोघांवरही अन्यायाचे होईल.

हा अन्याय आपल्याकडे फार सहजतेने केला जातो, म्हणून शंकराचार्यांची भूमिका येथे तपशिलाने सांगितली पाहिजे. उपनिषदांत सृष्टीचा क्रम एकसारखा नाही: तैत्तिरीयात आत्म्यापासून आधी आकाश निपजते, छांदोग्यात सत्‌ हे प्रथम तेज उत्पन्न करते. हा विरोध मिटवण्यासाठी आचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात पुष्कळ खटपट केली आहे खरी, परंतु त्यांचा अंतिम निर्णय असा आहे की, सृष्टीच्या तपशिलात श्रुतीचे तात्पर्यच नाही. तो सारा प्रपंच ब्रह्मबोधाकडे नेण्यासाठी आहे, त्या तपशिलांत मतभेद आढळला तरी बिघडत नाही. त्यांच्या परमगुरूंनी, गौडपादांनी, तर मृत्तिका, सुवर्ण, ठिणग्या इत्यादी दृष्टांतांनी सांगितलेली सृष्टी ही केवळ बुद्धीला आत उतरवण्याची पायरी आहे असे उघडच म्हटले आहे. म्हणजे ज्याला आपण वेदान्त म्हणतो त्याने स्वतःच विश्वाच्या उत्पत्तीचा इतिहास सांगण्याचा दावा सोडून दिलेला आहे. असे असता उपनिषदांत महास्फोटाची वर्दी शोधत बसणारे लोक आचार्यांची कीर्ती वाढवतात की त्यांना त्यांनी न केलेल्या दाव्याच्या खटल्यात ओढतात? व्हॅटिकनला लमेत्रने जे समजावले ते आचार्यांनी आपल्याला हजाराहून अधिक वर्षांपूर्वी समजावून ठेवले होते, आणि आपण ते ऐकत नाही. नासदीयसूक्ताचा कर्ता याहून धीट: सात ऋचांत प्रश्न विचारीत जाऊन तो शेवटी सृष्टीच्या अध्यक्षालाही तिचे मूळ ठाऊक नसेल अशी शंका काढून मोकळा होतो. या शंकेला उत्तर मिळाल्याची घोषणा करण्यास आजचे व्याख्याते मात्र सदैव तत्पर असतात.

आता चैतन्याकडे वळू; येथे सामग्री अधिक गुंतागुंतीची आहे. चार्वाकांचे म्हणणे सर्वांना ठाऊक आहे: पृथ्वी, आप, तेज, वायू या भूतांच्या विशिष्ट मिश्रणातून, किण्वापासून मदशक्ती यावी त्याप्रमाणे, चैतन्य येते, देह असेपर्यंत ते असते, देह गेला की जाते. या मताची आपल्याकडे जी टवाळी झाली ती अनुचित होती. १८४६ मध्ये बॉस्टनच्या इस्पितळात ईथर हुंगवून पहिली जाहीर शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून भूतांच्या वाफेने चैतन्य मालवता आणि परत पेटवता येते हे रोज सिद्ध होत आहे. आणि १८४८ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट येथे लोखंडी पहार कवटीतून आरपार गेलेला फिनियस गेज वाचला, पण त्याचा स्वभाव पूर्वीचा राहिला नाही असे त्याच्या परिचितांनी आणि वैद्यांनी नोंदवून ठेवले आहे. शंकराचार्यांनी लोकायतिकांच्या, म्हणजे या चार्वाकांच्याच, खंडनात दिलेली उत्तरे दोन प्रकारची आहेत. एक असे: दिवा असता दिसते, नसता दिसत नाही, म्हणून दिसणे हा काही दिव्याचा धर्म होत नाही, देह हे तसेच उपकरण आहे. हे उत्तर मला अपुरे वाटते. दिवा मंद झाल्याने पाहणाऱ्याचा स्वभाव बदलत नाही; मेंदूला इजा झाल्याने माणसाचे प्रेम, विवेक, स्मृती, श्रद्धा ही सगळीच बदलू शकतात, आणि हे सगळे काढून घेतल्यावर उपकरणाच्या पलीकडे जो साक्षी उरतो तो इतका निर्गुण असतो की त्याच्या अमरत्वात आपले असे काही उरत नाही. आचार्यांना हे मान्यच झाले असते. पण त्यांच्या नावे आत्म्याच्या अमरत्वाचे आश्वासन वाटणाऱ्यांना ते मान्य आहे असे दिसत नाही.

आचार्यांचे दुसरे उत्तर मात्र आजतागायत कोणाला मोडता आलेले नाही. भूते व भौतिक पदार्थ हे चैतन्याचे विषय आहेत. चैतन्य जर त्यांचाच धर्म असेल तर ते त्यांनाच आपला विषय कसे करील? अग्नी कितीही तप्त असला तरी स्वतःला जाळीत नाही, आणि कसलेला नट असला तरी स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही. लाइबनिट्सने १७१४ मध्ये हीच अडचण दुसऱ्या वाटेने दाखवली: विचार करणारे यंत्र गिरणीएवढे मोठे करून त्याच्या आत शिरलो तरी एकमेकांना ढकलणारे भाग तेवढे दिसतील, अनुभव कोठे आढळणार नाही. १९७४ मध्ये टॉमस नेगेल याने वटवाघुळाच्या उदाहरणाने आणि १९९४ मध्ये अमेरिकेतील टूसॉन येथील परिषदेत डेव्हिड चाल्मर्स याने हाच मुद्दा नव्या शब्दांत मांडला. चाल्मर्सचा विशेष एवढाच की, स्मृती, अवधान, निवड, वाणी यांचे स्पष्टीकरण हे 'सोपे' प्रश्न, आणि हे सर्व घडत असता ते कोणाला तरी जाणवावे हा 'कठीण' प्रश्न, अशी त्याने वाटणी केली.

सांख्यकारिका वाचलेल्या माणसाला ही वाटणी नवी वाटणार नाही. सांख्यांनी बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही बिनदिक्कत जड प्रकृतीच्या खात्यात घातली आहेत. निश्चय करणे, 'मी' म्हणणे, संकल्प-विकल्प करणे हा सर्व प्रकृतीचा व्यवहार, आणि पुरुषाकडे निव्वळ पाहणे. आज यंत्रे बुद्धिबळ जिंकतात, पत्रे लिहितात, रोगनिदान सुचवतात, म्हणून पुष्कळ लोक हबकून गेले आहेत. सांख्यकारिकेचा कर्ता ईश्वरकृष्ण याला यात दचकण्याजोगे काही दिसले नसते. बुद्धी जड आहे हे त्याने आधीच लिहून ठेवले होते, ती तांब्याच्या तारेत उतरली काय आणि मज्जापेशीत उतरली काय. टिळकांनी हेकेलच्या बाबतीत ज्या जागी बोट ठेवले तीच ही जागा. सांख्यांची चूक, आणि ती मोठी चूक, पुढची: असे निव्वळ पाहणे जडाशी कोणत्या दुव्याने जोडले जाते हे त्यांना सांगता आले नाही, आणि आंधळ्या-पांगळ्याच्या प्रसिद्ध दृष्टांताने वेळ मारून नेण्याचा प्रयत्न त्यांनी केला.

हा दुवा पुंजभौतिकीत सापडला असे विसाव्या शतकात काही थोरांनाही वाटले. १९३२ मध्ये फॉन नॉयमान याने मापनाची गणिती मांडणी करताना दाखवले की, सूक्ष्म कण आणि निरीक्षक यांच्यामधली सीमारेषा कोठेही ओढली तरी चालते. त्यावरून १९६१ मध्ये यूजीन विग्नर याने ती रेषा थेट चैतन्यापाशी नेऊन ठेवली, आणि जॉन व्हीलर याने तर विश्व हे निरीक्षकांच्या सहभागाने साकार होते असे चित्र रंगवले. पुढचा भाग मात्र आमच्या सभागृहांत सांगितला जात नाही: १९७० मध्ये डीटर त्से याने, भोवतालच्या असंख्य कणांशी येणाऱ्या संपर्कानेच सूक्ष्म अवस्थांची परस्परसंगती विस्कटते, त्यासाठी कोणी पाहण्याची गरज लागत नाही, हे दाखवल्यावर स्वतः विग्नरने उत्तरायुष्यात आपले मत मागे घेतले. मापनाचा प्रश्न त्याने पुरता मिटला असे नाही; पण चैतन्यावाचून तो सुटणारच नाही, हा दावा तरी निकालात निघाला. तीच गत मानवानुकूल तत्त्वाची. १९५३ मध्ये हॉइलने, ताऱ्यांच्या गर्भात कार्बन पुरेसा तयार व्हायचा तर कार्बनच्या अणुगर्भाला सुमारे ७६.५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेची एक अवस्था असलीच पाहिजे असे भाकीत केले, आणि कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत ती सापडली. या योगायोगाने भारावून पुढे त्या नास्तिकाने भौतिकशास्त्राच्या नियमांत कोणा महाबुद्धीने हात घातला असावा असे लिहिले. ब्रँडन कार्टरने १९७३ मध्ये क्राकोव येथे मांडलेले तत्त्व याहून कितीतरी सावध आहे: आपण येथे आहोत, म्हणून आपल्याला दिसणारे विश्व आपल्या असण्याशी सुसंगत असणारच. हे ज्ञापकाचे विधान आहे, आणि ज्ञापकाचे म्हणून बिनतोड आहे. ते कारकाचे करून घेतले की भाकड होते. दोन दिवाळखोर सावकारापुढे उभे राहून एकमेकांना जामीन राहतात, तसे विश्वाचे अज्ञात मूळ आणि चैतन्याचे अज्ञात स्वरूप परस्परांची हमी देऊ लागतात, आणि श्रोते टाळ्या वाजवतात.

एर्विन श्रोडिंगर या मोहात पडला नाही, हे त्याच्या वेदान्तप्रेमाचा गाजावाजा करणारे विसरतात. १९२५ च्या शरदात, तरंगयामिकीच्या शोधाच्या अगदी उंबरठ्यावर, त्याने अद्वैतावर निबंध लिहिला; पण १९२६ च्या त्याच्या शोधनिबंधांत अद्वैताचे नाव नाही, आणि तो निबंध त्याने पस्तीस वर्षे दाबून ठेवला. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मन आणि जडद्रव्य यांवरील पुस्तकात त्याने जे सांगितले ते मला या विषयावरील सर्वांत मर्मग्राही विवेचन वाटते. विज्ञानाने पहिल्याच दिवशी एक करार केला: विश्वाचे चित्र काढायचे ते चित्र काढणाऱ्याला वगळून. गॅलिलिओने १६२३ मध्ये रंग, चव, गंध हे पदार्थात नसून जाणणाऱ्या प्राण्यात असतात असे सांगून पदार्थाच्या खात्यात केवळ आकार, संख्या व गती एवढेच ठेवले, तेव्हाच हा जमाखर्च ठरला. त्या करारानेच भौतिकशास्त्र एवढे यशस्वी झाले. आता तीन-चारशे वर्षांनी त्याच चित्रात निरीक्षक सापडत नाही म्हणून आश्चर्य करायचे, आणि मग चित्राच्या एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात, सूक्ष्म कणांच्या अनिश्चिततेत किंवा काळाच्या आरंभबिंदूत, तो दडून बसला असेल म्हणून शोध करायचा, ही दिशाच चुकलेली आहे. १,३८० कोटी वर्षांचा हा आकडा आज, येथे, कोणाच्या तरी जाणिवेत उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून काढलेला आहे. पण आकडा ज्याचा आहे ते विश्व त्या जाणिवेची वाट पाहत थांबलेले नव्हते. १९३० च्या जुलैत कापुट येथे आइन्स्टाइन आणि रवींद्रनाथ यांचा जो संवाद झाला, त्यात घरात कोणी नसले तरी टेबल तेथे असतेच असा आइन्स्टाइनचा आग्रह होता आणि सत्य हे मानवनिरपेक्ष नसते असा रवींद्रनाथांचा. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. एक कारकाविषयी बोलत होता, एक ज्ञापकाविषयी, आणि मध्यस्थी करायला कोणी नैयायिक हजर नव्हता.

याचा अर्थ चैतन्याचे विज्ञान अशक्य आहे असा मी काढीत नाही; द्यू ब्वा-रेमाँची ती कायमची नोंद मला मान्य नाही, कारण 'कधीही नाही' हे विधान करण्याचा अधिकार कोणत्याच काळातील माणसाला नाही. अडचण निराळी आहे. १९९८ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन येथे क्रिस्टोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने चाल्मर्सशी पैज मारली की, पंचवीस वर्षांच्या आत चैतन्याची खात्रीची खूण असलेली मज्जापेशींची रचना सापडेल. मुदत २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क येथे भरली. दोन प्रतिस्पर्धी उपपत्तींच्या पुरस्कर्त्यांनी आधी करारनामा करून, कोणता निष्कर्ष निघाल्यास कोणाची सरशी हे ठरवून घेतलेल्या प्रयोगांचे निकाल त्याच सुमारास वाचले गेले, आणि कोणतीच उपपत्ती निर्विवाद टिकली नाही. काही महिन्यांतच शंभराहून अधिक अभ्यासकांनी त्यांपैकी एकीला छद्मविज्ञान ठरवणारे पत्र प्रसिद्ध केले. हॉइलच्या बाबतीत एक उपपत्ती हरली आणि माणूस हट्टाने उभा राहिला. येथे माणूस हरला, उपपत्ती मात्र सगळ्या उभ्याच आहेत. त्या हरतील तरी कशाने, हे अजून कोणाला ठरवता आलेले नाही. कॉखने दिलदारपणे हार कबूल केली, आणखी पंचवीस वर्षांची मुदत मागून तीच पैज पुन्हा लावली, आणि ठरल्याप्रमाणे भरसभेत चाल्मर्सच्या हवाली केली ती उंची मद्याची पेटी होती. त्या सभेत एखादा चार्वाक बसलेला असता तर त्याने उठून एवढेच निवेदन केले असते की, आपला किण्वाचा दाखला मुद्देमालासह दाखल करून घ्यावा.